एच आणि हेच

बेलफास्टच्या पश्चिमेला एक भिंत आहे.
आधी विटा, वर पत्रा, त्यावर जाळी.
पोरं वाढतात तशी नाही वाढली ती,
भीती वाढते तशी.

अलीकडे इंग्रजीतल्या आठव्या अक्षराला ‘हेच’ म्हणतात.
पलीकडे ‘एच’.
तेवढ्यावर कळतं, माणूस कुठल्या चर्चमध्ये जातो,
कोणाच्या मयताला गेला, कोणाच्या नाही.
(आपल्याला हे समजावून सांगायला नको.
आपणही एका ‘ण’वरून
आख्खी आळी ओळखतो.)

ब्रोना, तेरा वर्षांची, अलीकडची.
शाळेनं नऊ बुधवारांचा प्रकल्प दिला:
संध्याकाळी घरून, पलीकडच्या शाळेतल्या कोणाशी तरी
फक्त टाइप करायचं.
नाव नाही, गल्ली नाही, आवाज नाही.
तिनं टोपणनाव घेतलं ‘करपलेला टोस्ट’.
समोरून आला ‘बेडूक सात’.

बेडूक: तुमच्यात सगळ्यांना सात-आठ भावंडं असतात ना?
टोस्ट: मला एकच भाऊ. सात-आठांचं खातो.
टोस्ट: तुम्ही लोक जुलैत ढोल वाजवत निघता,
तेव्हा कोणीच हसत कसं नाही?
तीन ठिपके उगवले, मावळले, परत उगवले.
बेडूक: माझ्या बाबांचे बूट चावतात.

दोघांनी मिळून एका बसस्टॉपचं चित्र करायचं होतं.
छपराच्या रंगात तीन बुधवार गेले.
हिरवा नको. नारिंगी नको.
निळ्याचंही काहीतरी जुनं निघालं.
शेवटी वांगी.

पाचव्या बुधवारी
टोस्टनं लिहिलं, थांब, आईस्क्रीमची गाडी आली.
बेडूक: मलाही ऐकू येतेय. शेवटचा सूर घसरतो, तीच?
तीच.
वीस मिनिटांनी तोच घसरलेला सूर
भिंतीपलीकडून आला,
आणि पडद्यावर: थांब, आता माझ्या दारात.

वीस मिनिटं. फाटकापर्यंत जाऊन, वळसा घालून.
ब्रोना परसात गेली, नजरेनं अंतर मोजलं.
चेंडू फेकला तर बेडकाच्या अंगणात पडेल.
आजवर तिथून दगड आलेले.
इथूनही गेलेले.
एक तर भावाच्या हातून,
ती शेजारी उभी असताना.

“कोणाशी बोलतेयस?” भाऊ मागून.
“बेडकाशी.”
“कुठल्या?”
“ह्याच डबक्यातल्या.”

नवव्या बुधवारी माइक उघडले.
नाव सांगा, स्पेलिंगसकट.
“हेदर,” सर्दी झालेला, मुलीचा आवाज. “एच, ई, ए...”
मग ब्रोना. तिच्या नावाच्या शेवटी तेच अक्षर,
मुकं, कोणी न उच्चारलेलं.
“बी, आर, ओ, एन, ए, जी,
हेच.”

गप्प.
आवाज असूनही दोघी परत टाइप करायला लागल्या.
माझं अक्षर चुकीचं म्हणालीस.
ते माझंही आहे. तुझ्या सुरुवातीला, माझ्या शेवटी.
लांब ठिपके.
मग कोणीतरी नाकातून हसलं.
माइक चालूच होते, त्यामुळे कोण आधी
ते कळलं नाही.

जुलैत पलीकडे लाकडांचे ढीग पेटले.
अलीकडे बाटल्या फुटल्या, भावाला चार टाके पडले.
अकरा दिवस पडदा कोरा.
ब्रोनानं दोनदा लिहिलं आणि पुसलं.
दुसऱ्यांदा जे लिहिलं होतं
ते पुसलं ते बरंच झालं.

बाराव्या दिवशी:
आहेस?
आहे. बाबांचे बूट?
फोड आलेत. तुझा भाऊ?
टाके. अजून सात-आठांचं खातोय.

भिंत आहे तिथंच आहे.
फाटक अंधार पडला की बंद होतं,
गाडीला अजून वीस मिनिटं लागतात.
मागच्या पायरीवर बसून ब्रोना
कोणी ऐकत नाही ना बघते,
आणि हळूच म्हणून पाहते:
एच.

जीभ कुठं अडत नाही.
एक श्वास कमी लागतो,
एवढंच.